टेंडर सुटायच्या आधीचं बघून ठेव

मंदार, स्पॅनिश कंपनीला आपल्याकडची संरक्षण खात्याची टेंडरं भरून द्यायचं काम घेतलंस ते छान झालं, पण टेंडर सुटल्यावर बघू असं करू नकोस. टाटा-एअरबसचा सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाचा प्लांट २०२४ ला सुरू झाला तेव्हापासून बडोद्यात जो तो डिफेन्स कन्सल्टंट झालाय, आणि निम्म्यांनी डीएपी २०२०, म्हणजे संरक्षण खरेदीची नियमावली, उघडूनही पाहिलेली नाही.

सगळ्यात आधी तुझ्या पैशाचं ठरव. ते म्हणतील, ऑर्डर मिळाली की दोन टक्के, तर तिथल्या तिथे नाही म्हण. एजंट असला तर तो कोण, त्याला किती देता हे कंपनीला जाहीर करावं लागतं, आणि काम मिळालं तर कमिशन हा प्रकार चालतच नाही. २० कोटींच्या वरच्या खरेदीत इंटिग्रिटी पॅक्टवर, म्हणजे लाच देणार-घेणार नाही अशा करारावर, सही असते, त्यात सापडलास तर तू तर जाशीलच पण कंपनीसुद्धा ब्लॅकलिस्ट होऊ शकते, म्हणून महिन्याची ठरलेली फी, लेखी करार, पैसे बँकेतूनच.

मग कागद. सही करणाऱ्याची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, तिकडे नोटरी करून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिकडचा सरकारी शिक्का), वर इंग्रजी भाषांतर, यातच महिना जातो आणि ऑगस्टमध्ये स्पेनमध्ये कोणी फोनसुद्धा उचलत नाही. कंपनीचे खरे मालक कोण तेही विचार, आपल्या सीमेला लागून असलेल्या देशाचे निघाले तर २०२० च्या ऑर्डरप्रमाणे आधी रजिस्ट्रेशन लागतं. ईएमडीची, म्हणजे टेंडरसोबतच्या अनामत रकमेची, बँक गॅरंटी लवकर सुरू कर, बँकवाले मसुद्यावरून घोळ घालतात.

टेंडर ऑनलाइन भरायला डीएससी, म्हणजे डिजिटल सही लागते, ती क्लास ३ चीच, सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली. बीओक्यूच्या, म्हणजे किमती भरायच्या तक्त्याच्या, एक्सेलचं नाव बदलू नकोस, फायनल वगैरे जोडायची सवय असते ना आपल्याला.

आणि किमतीचं पाकीट वेगळं असतं, टेक्निकलच्या पाकिटात किंमत कुठेही दिसता कामा नये. आम्ही एकदा ३८ पानी ब्रोशर जसंच्या तसं चढवलं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात युरोतली प्राइसलिस्ट होती, मी दांडिया बाजारात चहा पीत होतो तेव्हा रिजेक्टचा मेल आला. तेव्हापासून प्रत्येक पीडीएफमध्ये युरोचं चिन्ह सर्च करतो, स्कॅन असेल तर एकेक पान डोळ्यांनी.

वेळ टेंडरच्या सर्व्हरची धरतात, म्हणजे भारतातली. दुपारी ३ ला बंद होणार असेल तर माद्रिदमध्ये तेव्हा उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. त्यांना आदल्या दिवसाची तारीख सांग, आणि खरी सांगूच नकोस.