गणपतीच्या देखाव्यात कॉन्स्टँटिनोपल कसं उभं करायचं
शहापूर, वडगाव, निपाणीकडच्या मंडळांनो, यंदा बायझंटाइन साम्राज्याचा, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा (राजधानी कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल), देखावा करायचा असेल तर सगळं बजेट राजवाड्यात घालू नका, बाजार उभा करा, त्या लोकांचं खरं जगणं तिथंच दिसतंय. बोर्डावर आधी लिहा की हे लोक ग्रीक बोलायचे पण स्वतःला रोमनच म्हणवून घ्यायचे.

मागं हागिया सोफियाचा, म्हणजे 537 साली बांधून झालेल्या मोठ्या चर्चचा, घुमट. बुडाशी 40 खिडक्या आहेत, पुठ्ठ्यात कापून आतून एलईडी लावा, घुमट तरंगल्यासारखा वाटतोय.

मग मेन रस्ता, इथं जीव ओता. दहाव्या शतकात शहराच्या अधिकाऱ्याचे, म्हणजे एपार्कचे, धंदेवाल्यांसाठी लेखी नियम होते, त्यात अत्तरवाल्यांनी टेबलं राजवाड्याच्या गेटवरच्या ख्रिस्ताच्या चित्रापर्यंत ओळीनं मांडायची असं होतं, का तर सुगंध वर चित्राकडं जावा म्हणून! तिथं खरा धूप ठेवाच. रेशमाच्या दुकानात शहापूरचे विणकर बोलवा, हातमागच लावू द्या त्यांना, पण भारीतलं जांभळं रेशीम फक्त सम्राटाच्या अंगावर दाखवा, ते बाजारात विकायला बंदी होती. माहिती सांगायला पोरं मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी घ्या.