जॉन राजाचं बॅलड गणपतीत बसवताना

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गणपतीत मुलांचा कार्यक्रम मी बसवते. शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली जुनी बॅलडं, म्हणजे गोष्ट सांगणारी गाणी, मुलांनी आपल्या तोंडाने म्हणावीत असं फार वाटायचं, म्हणून तीन वर्षांपूर्वी हा खटाटोप सुरू केला. दुसऱ्या मंडळांतल्या मैत्रिणी विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्या वर्षी रॉबिन हूडच्या वाटेला जाऊ नका. त्याची मोठी जुनी गाथा ४५६ कडव्यांची आहे, आणि मुलं सिनेमातली त्याची प्रेयसी मॅरियन शोधत बसतात. ती त्या गाथेत नाहीच. त्यापेक्षा इंग्लंडचा जॉन राजा आणि कँटरबरीचा मठाधीश यांचं बॅलड घ्या. वीस मिनिटांत होतं. मठाधीशाला आम्ही ‘महंत’ म्हणतो. इंदूरच्या मुलांचं मराठी घरापुरतं आणि हिंदी गल्लीभर, पण उज्जैनच्या सिंहस्थामुळे महंत सगळ्यांना ठाऊक.

गोष्ट अशी. महंताच्या पदरी शंभर माणसं, त्यांच्या अंगावर मखमल, गळ्यात सोन्याच्या साखळ्या. राजा म्हणतो, माझ्यापेक्षा तुझा थाट मोठा, म्हणजे हा राजद्रोह. तीन प्रश्न घालतो: मुकुट घालून बसलेल्या माझी किंमत किती, घोड्यावरून पृथ्वीला फेरी किती वेळात होईल, आणि आत्ता माझ्या मनात काय आहे? तीन आठवड्यांत उत्तर द्यायचं, नाहीतर मुंडकं जाणार. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे पंडित हात टेकतात. शेवटी महंताचा मेंढपाळ त्याचे कपडे घालून दरबारात जातो.

हे बॅलड दोन-दोन ओळींचं आहे, म्हणून पोवाड्याच्या चालीत सहज बसतं. सुरुवात मी अशी केली आहे:

ऐका हो जुनी कहाणी, जॉन नावाचा होता राजा,
अन्याय केला दांडगा, न्यायाचा नुसता गाजावाजा!

मूळ गाण्यात पुढे ‘डेरी डाउन’ असं पालुपद येतं. त्याला अर्थ नाही, तिथे ‘जी जी रं जी’ घाला. लाजाळू मुलांना झीलकरी करा, दुसऱ्या दिवशी तीच सर्वांत मोठ्याने ओरडतात. डफ मिळाला नाही तर ढोलक चालतो.

आता सगळ्यांत अवघड जागा. किंमत किती, या प्रश्नावर मेंढपाळ म्हणतो, ‘एकोणतीस पेनी.’ पहिल्या वर्षी इथे मंडपात कुणीच हसलं नाही, मला फार वाईट वाटलं. येशूला तीस नाण्यांना विकलं होतं, हे आपल्या श्रोत्यांना आठवत नाही, आणि विनोदाच्या जागी थांबून समजावलं की तो मरतो. म्हणून आता अगदी सुरुवातीला एक मुलगी पितळी ताटात नाणी टाकते. टण्, टण्, पूर्ण तीस. ‘एवढ्यात येशूला विकलं,’ एवढंच म्हणून ती जाते. मग पुढे ‘एकोणतीस’ ऐकल्यावर लोकच हिशेब करतात. राजाला दोन क्षण गप्प उभं करा, त्यानंतर ‘इतका स्वस्त मी?’ नाणं पेनीच ठेवा, पैसे करू नका. तेव्हाची पेनी चांदीची, २४० पेनींचा एक पौंड.

दुसरं उत्तर लवकर उरकायचं: सूर्याबरोबर निघा आणि दुसऱ्या दिवशी तो उगवेपर्यंत त्याच्याबरोबर चला, चोवीस तासांत फेरी पूर्ण.

इतिहास पाच मिनिटंच सांगा, पण सांगा. जॉनचं राज्य ११९९ ते १२१६. १२०४ मध्ये फ्रान्सकडची नॉर्मंडी हातची गेली. ती परत मिळवायला पैसा हवा, म्हणून त्याने सरदारांना पिळलं. कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडचा मुख्य धर्मगुरू, कोण, यावरून पोपशी वाकडं आलं. १२०८ पासून सहा वर्षं इंग्लंडमधल्या चर्चमधली उपासना बंद होती आणि राजाने चर्चच्या उत्पन्नावर हात टाकला. १२१५ मध्ये सरदारांनी रनिमीडच्या कुरणात मॅग्ना कार्टा या राजाच्या अधिकारांना आवर घालणाऱ्या सनदेवर त्याची मोहोर घेतली. म्हणजे महंताच्या श्रीमंतीवर राजाचा डोळा, हे गाणाऱ्यांनी हवेतून काढलं नव्हतं. प्रसंग मात्र खरा घडला असं मुलांना सांगू नका. तीन प्रश्नांची गोष्ट युरोपभर फिरलेली आहे आणि हे गाणं सतराव्या शतकात छापलं गेलं. ‘ही तर बिरबलाची गोष्ट!’ असं कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्या.

मेंढपाळाला विदूषक करू नका, ही माझी कळकळीची विनंती. तेव्हाच्या इंग्लंडची संपत्ती म्हणजे लोकर, आणि मठांचे मोठाले कळप होते. महंताच्या मखमलीमागे त्याचीच मेहनत आहे. आतून घोंगडी, वरून महंताचा झगा, आणि झग्याला गळ्याशी एकच सैल गाठ, सेफ्टी पिन अजिबात नको. ‘तुमच्या मनात आहे की मी महंत आहे. पण मी त्यांचा मेंढपाळ!’ म्हणताना झगा एका झटक्यात खाली पडायला हवा.

राजा खूश होऊन महंताची गादीच देऊ करतो. मेंढपाळ नको म्हणतो, कारण ‘मला लिहिता-वाचता येत नाही.’ आमच्या मुलाने तालमीत हे मान खाली घालून म्हटलं. मी त्याला राजाच्या डोळ्यांत बघून पुन्हा म्हणायला लावलं, चार वेळा. मग राजा त्याला दर आठवड्याला चार नोबल, म्हणजे सोन्याची नाणी, लावून देतो आणि महंतासाठी माफीही. त्यावर सगळ्यांनी शेवटचं ‘जी जी रं जी’ म्हणायचं आणि लगेच आरती.