किक हलकी लागतेय? ब्लॉक उतरवण्याआधी एवढं तपासा

"किक एकदम हलकी लागते, चढाला ओढत नाही," असं गिऱ्हाईक म्हणालं की शेजारच्या स्टँडवरून कुणीतरी हमखास सांगतो, "बोअर गेलंय, किट टाक." माझं सगळं सांगणं या एका वाक्याच्या विरोधात आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर, गेलं हे खरं असेल, पण ते कुठून जातंय हे कळल्याशिवाय बोअर-पिस्टनचं किट मागवू नका. ज्याची गाडी आहे तो सकाळ-संध्याकाळ तिच्यावर दुधाचे कॅन बांधून डेअरीला जातो. गरज नसलेल्या किटचे पैसे त्याच्या त्या महिन्याच्या दुधाच्या बिलातून जातात.

सर्व्हिसिंग, कार्ब्युरेटर, क्लच एवढं हाताखालून गेलंय आणि आता इंजिन उघडायचं धाडस करायचंय, अशांसाठी हे लिहितोय. मग तुम्ही आयटीआयला एमएमव्ही (मेकॅनिक मोटर व्हेइकल) केलेलं असो वा थेट गॅरेजात शिकलेले असा. बोलतोय ते स्प्लेंडरच्या जातीच्या ९७.२ सीसी इंजिनाबद्दल. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, सिलिंडर जवळजवळ आडवा. १९८५ ची सीडी १००, मग १९९४ पासूनची स्प्लेंडर, घराणं एकच. आपल्यातले बहुतेकजण याच इंजिनावर हात बसवतात.

कॉम्प्रेशन जायला वाटा मोजक्याच. रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये, व्हॉल्व्हच्या सीटमधून सायलेन्सरकडे किंवा कार्ब्युरेटरकडे, नाहीतर हेड गॅस्केटमधून बाहेर. टायमिंग चेन एखादा दात सरकली असेल तर काहीही फुटलेलं-झिजलेलं नसताना कॉम्प्रेशनचा दाब मोजणारा गेज कमी दाखवतो, हेही ध्यानात असू द्या. यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वाट म्हणजे टाईट झालेलं टॅपेट, म्हणजे रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातला गॅप संपणं. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करा.

टॅपेट वाजलं की गिऱ्हाईक तक्रार करतं. गप्प असलं की कुणी काही म्हणत नाही. त्यामुळे आपल्याकडे "आवाज बंद म्हणजे सेटिंग झालं" अशी एक समजूत घट्ट बसली आहे. ती व्हॉल्व्ह जाळणारी आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरून जळालेला वायू जातो, तोंड भयंकर तापतं. ती उष्णता बाहेर पडायला मुख्य वाट एकच, व्हॉल्व्ह बंद असताना सीटला टेकतो तेवढा वेळ. गॅप संपला की व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि त्या बारीक फटीतून पेटता वायू सुटत राहतो. कडा जळायला तिथूनच सुरुवात. इनलेटवर थंड मिश्रण येत असतं, म्हणून तो पुष्कळ तग धरतो. एक्झॉस्ट धरत नाही.

बरं, गॅप आपोआप कमीही होतो. व्हॉल्व्ह सीटवर आपटून आपटून दोन्ही झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसत जातो आणि त्याची दांडी रॉकरकडे वर येते. एकीकडे रॉकरचं तोंड आणि स्क्रू झिजून गॅप वाढतो, दुसरीकडे सीट झिजून तो कमी होतो. कोण जिंकतंय हे कानाने कळत नाही. फीलर गेजशिवाय (ठराविक जाडीच्या मोजायच्या पत्त्यांशिवाय) टॅपेट सेट करणाऱ्या उस्तादाचा मी आदर करतो, त्याच्या इतर युक्त्या मी उचलल्यात, पण या एका कामात त्याचं ऐकू नका.

टाईट टॅपेटची गाडी ओळखता येते. सकाळी थंड असताना अर्ध्या किकमध्ये सुरू, पंधरा-वीस मिनिटं चालली की सिग्नलला बंद, मग किकवर किक. थंड झाली की परत शहाणी. या लक्षणावर लोक सीडीआय (ठिणगीचा डबा) बदलतात, कॉइल बदलतात, कार्ब्युरेटर तीनदा साफ करतात. गरम गाडी बंद पडत असेल तर आधी टॅपेटची झाकणं खोला, तेही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. होंडाच्या मॅन्युअलमध्ये ३५ अंशांच्या खाली असं लिहिलेलं असतं. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीचंही इंजिन एवढं थंड मिळत नाही, तेव्हा गाडी रात्री ठेवून घ्या आणि सकाळी गॅरेज उघडताच हे काम उरका.

गॅप मोजायला मॅग्नेटवरची 'टी' खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) जुळवली म्हणजे झालं, असं समजू नका. फोर स्ट्रोकमध्ये क्रँक दोन वेळा फिरतो, म्हणून 'टी' दोनदा येते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात, रॉकर घट्ट लागतात. तिथे गॅप काढलात तर खऱ्या जागेवर तो अवाढव्य होईल आणि इंजिन खडखडेल. दोन्ही रॉकर बोटाने हलताहेत याची खात्री करा. मॅग्नेट गाडीच्या चालीच्या दिशेनेच फिरवा. खूण ओलांडली तर उलटं आणू नका, पूर्ण फेरा मारून या, कारण काही इंजिनांत कॅमवर डीकॉम्प्रेसर (सुरू करताना दाब सोडणारा भाग) असतो आणि उलट फिरवल्यावर तो एक्झॉस्ट उचलून धरतो.

गॅप किती, ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. या वर्गात आकडे ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास फिरतात, पण वर्षागणिक बदललेले आहेत. स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर ०.०५ मिमी म्हणजे फेऱ्याचा दहावा भाग. लॉक नट आवळताना स्क्रू तेवढा सहज फिरतो, म्हणून नट आवळल्यावर पत्ती पुन्हा घालून बघायचीच. रॉकरच्या तोंडाला खड्डा पडला असेल तर सपाट पत्ती खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि खरा गॅप तुम्हाला दिसतच नाही. यूसीई इंजिनाच्या (इंजिन-गिअरबॉक्स एकाच खोक्यात) बुलेटला हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरणारं, ड्यूकला शिम, म्हणजे मोजक्या जाडीची चकती, तो विषय वेगळा. तिथे स्क्रू शोधत बसू नका.

टॅपेट बरोबर निघाले आणि किक तरीही हलकी, तर प्लगच्या भोकात कॉम्प्रेशनचा गेज लावा. चावी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, सुई चढायची थांबेपर्यंत दणदणीत किक मारा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग फेकून द्या, कारण सिलिंडरला हवाच मिळालेली नसते. २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला सेल्फने तपासणार असाल तर इंजेक्टरचा कपलर (वायरीची जोडणी) काढा, नाहीतर पेट्रोल बोअरवरचं तेल धुऊन नेईल.

आता जिथे मी स्वतः बराच काळ अडकलो होतो तो सापळा. जरा सावकाश वाचा.

गेज कमी आला की पुढची पायरी सगळ्यांना पाठ असते. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला, परत रीडिंग घ्या. वाढलं तर रिंगा गेल्या, वाढलं नाही तर व्हॉल्व्ह. नियम बरोबर आहे, पण तो कारसाठी बनलेला आहे. आपल्या इंजिनाचा हिशेब मांडून बघा. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची जागा) ९ धरला तर पिस्टन वर असताना त्याच्या डोक्यावर उरणारी जागा साधारण १२ सीसी. चहाचा चमचा म्हणजे ५ सीसी. ५ सीसी तेल घातलं की जागा उरली ७ सीसी. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि तिच्यासाठी रेशो ९ वरून साडेचौदाच्या वर गेला. गेजची सुई चढणारच. रिंगा नव्या असल्या तरी चढणार, व्हॉल्व्ह गळत असला तरी चढणार. आणि आपण म्हणणार, "बघा, तेल घातल्यावर वाढलं, बोअर गेलं." चारशे सीसीच्या सिलिंडरमध्ये हाच चमचा एवढी फसवणूक करत नाही, कारण तिथे वरची जागाच चाळीस-पंचेचाळीस सीसी असते.

उपाय सोपा आहे. मेडिकलमधून सिरिंज आणा आणि १ सीसी, फार तर दीड सीसी तेल घाला. १ सीसीने रेशो ९ वरून जेमतेम पावणेदहा होतो. त्याच्या पलीकडे सुई भरघोस वाढली तरच ती रिंगांची साक्ष. शिवाय सिलिंडर आडवा असल्याने तेल खालच्या बाजूला साचतं, रिंगेच्या वरच्या भागाला पोचत नाही. म्हणून तेल घातल्यावर लगेच रीडिंग घेऊ नका. किक हाताने दाबून इंजिन हळूहळू काही वेळा फिरवा, मग मोजा. नंतर गाडी सुरू केल्यावर थोडा निळा धूर येईल, तो तुम्ही घातलेल्या तेलाचाच आहे, घाबरू नका.

याच सापळ्याचा दुसरा दात गेजच्या नळीत आहे. चांगल्या गेजचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (आत आलेली हवा परत न सोडणारा) प्लगकडच्या टोकाला असतो. स्वस्त किंवा बदललेल्या गेजमध्ये तो दुसऱ्या टोकाला सापडतो, म्हणजे अख्खी नळी चेंबरचा, पिस्टनवरच्या जागेचा, भाग होते. आत ५ मिमीचं भोक आणि ३० सेंमी लांबी धरली तर जवळजवळ ६ सीसी. १२ च्या जागी १८ झाले, रेशो साडेसहाच्याही खाली आला, आणि ठणठणीत इंजिन आजारी दिसलं. ही गाडी १० मिमी आट्याचा प्लग घेते, म्हणून कारचा गेज अडॅप्टरवर अडॅप्टर लावून वापरला जातो, तिथे हे हमखास होतं. मी वहीत रीडिंग लिहून ठेवतो. धड चालणारी गाडी सर्व्हिसिंगला आली की माझ्याच गेजवर तिचं कॉम्प्रेशन टिपायचं, मॉडेलसह. आजारी गाडी त्या वहीशी ताडून बघायची. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ही वही जास्त भरवशाची, आणि ती तुमची तुम्हालाच भरावी लागते.

एवढं करूनही शंका उरली तर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडून बघा. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्याच्या कवचाला वेल्डरकडून नळी झाळून घ्या. पिस्टन कॉम्प्रेशनच्या 'टी'वर, गाडी टॉप गिअरमध्ये, मागचा ब्रेक दाबून धरलेला, मॅग्नेटवरचा पाना काढलेला. पाना तिथेच ठेवला तर हवेचा दाब पिस्टनला ढकलेल आणि पाना तुमच्या मनगटावर येईल, यात मस्करी नाही. आधी थोडाच दाब द्या आणि ऐका. सायलेन्सरमधून फुसफूस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. तिथून थोडी हवा चांगल्या इंजिनातही येते, जोर बघायचा. हेडच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं की गॅस्केटचाही निकाल लागतो. ही पद्धत वेळखाऊ वाटते. पण तिने बोट दाखवलं की वाद संपतो, आणि गिऱ्हाईकालाही स्वतःच्या कानाने ऐकवता येतं.

शिकवणाऱ्यांबद्दल एक बोलतो. "गेज-बिज कंपनीवाल्यांचे चोचले" म्हणणारा उस्ताद भेटेल. त्याचा हात चांगला असेल तर त्याच्याकडे राहा, लेथवाल्याशी कसं बोलायचं, चेन कशी लावायची, सगळं त्याच्याकडून घ्या, आणि फीलर गेजच्या पत्त्या स्वतःच्या पैशाने घेऊन खिशात ठेवा. मोबाइलवरच्या व्हिडिओंवर माझा राग वेगळ्या कारणासाठी आहे. त्यात इंजिन उघडलेलं दाखवतात, उघडायचं का ते दाखवत नाहीत. सुरुवातीला निदान चुकेल, भलतंच उघडलं जाईल, आणि उघडल्यावर सगळं ठीक दिसेल. हे प्रत्येकाचं होतं. तुमच्या डोक्यात काही कमी आहे असा त्याचा अर्थ नाही.

हवा सायलेन्सरमधून येत असेल तर हेड उतरवा, ब्लॉक (पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर) जागेवर राहू द्या. टेबलावर हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओता आणि पोर्टमध्ये ओल उतरते का बघा. कड जळालेला, वाकडा किंवा खड्डे पडलेला व्हॉल्व्ह घासून सुधारत नाही, तो बदलायचाच. सीट बरी असेल तर पेस्टने लॅपिंग करा, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवा. आधी जाड, मग बारीक, हलक्या हाताने, मधूनमधून उचलून जागा बदलत, आणि करड्या रंगाचा सलग पट्टा दिसला की थांबा. पेस्टचा एक कण गाईडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत) राहिला तरी तो गाईड खातो, म्हणून रॉकेलने धुऊन हवा मारा, दोनदा. लॅपिंगने व्हॉल्व्ह आत बसतो, दांडी वर येते, गॅप पुन्हा कमी होतो. जोडणी झाल्यावर टॅपेट नव्याने सेट करा. गिऱ्हाईक पैसे देतानाच त्याला सांगा, की पाचशे किलोमीटर झाले की गाडी रात्री इथे सोडून जा, सकाळी थंड इंजिनावर टॅपेट बघून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.