अकराची गोळी लागू पडत नव्हती, त्यावर उपाय

पार्किन्सनवरची (कंपवातावरची) सकाळची लेव्होडोपा-कार्बिडोपा गोळी अर्ध्या तासात लागू पडायची. अकराची मात्र दुकानात गल्ल्यावर बसून तासभर झाला तरी नाही; पावतीवरचं अक्षर बारीक होत जाई. चहासोबत घेऊन पाहिली, कंपनी बदलून पाहिली. फार वैताग आला.

दोष साडेदहाच्या मिसळीचा. (नाशिकमध्ये हे बोलणंही पाप!) मटकी-दह्यातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात, रक्तातून मेंदूत एकाच वाटेनं जातात, गर्दीत गोळी मागे पडते. तेलकट तर्रीनं जठरही उशिरा रिकामं होतं.

आधी गोळी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. मग ३० ते ४५ मिनिटांनी खाणं. मळमळलं तर मूठभर चुरमुरे, दूध नाही. खाणं आधी झालंच तर किमान तासभर थांबून गोळी. उसळ, पनीर, अंडी रात्रीच्या जेवणात ढकला. बंद करू नका, वजन घटतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर. मोबाइलचा गजर गोळीच्या वेळेचा लावा, जेवणाच्या नव्हे. एवढं करूनही फरक नसेल तर न्यूरॉलॉजिस्टला वेळांची नोंद दाखवा, डोस स्वतः वाढवू नका.