जुन्या सायकलवर डिकल लावताना

आसनसोलची सेन-रॅले असो नाहीतर घरातली जुनी हर्क्युलिस, रंग खरवडायच्या आधी फ्रेमवरच्या जुन्या डिकलचे (म्हणजे कंपनीचं नाव-चिन्ह असलेल्या चिकटचित्राचे) फोटो काढा, लगपासून (नळ्यांच्या जोडावरच्या धातूच्या तुकड्यापासून) अंतर मोजा आणि बटर पेपरवर ट्रेस करून ठेवा, नंतर अंदाजाने लावलं की डाउन ट्यूबवरचं (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवरचं) नाव हमखास तिरकं जातं.

आता नवीन डिकल कुठल्या जातीचं आहे ते बघा. पाण्यात सुटणारं असेल तर सोपं आहे. रंग पूर्ण वाळलेला आणि चकचकीत हवा (मॅट रंगावर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात), फ्रेम आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायची, मास्किंग टेपने सरळ रेष आखायची. कोमट पाण्यात साधारण अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढून थांबा, बोटाने हलकं सरकवून बघा, आपणहून सरकलं तरच लावा, ओढाताण केली की फाटलंच म्हणून समजा. फ्रेमवर आधी पाण्यात एक थेंब भांड्याचा साबण टाकून ते पाणी लावा म्हणजे जागा नीट करायला वेळ मिळतो, मग ओल्या कापसाने मधून कडेकडे पाणी काढत जायचं.

जुन्या इंग्लिश सायकलींचे वार्निशवाले ट्रान्सफर (वार्निशने चिकटवायचे डिकल) मात्र वेगळे, त्यांना वार्निश लावून ते चिकटसर होईपर्यंत थांबायचं, मग दाबून बसवायचं आणि कागद ओला करून सोलायचा.

एक दिवस वाळू द्या. क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) आधी अगदी विरळ फवारायचा, पहिलाच हात जाड मारला तर डिकल सुरकुततं, त्यामुळे उरलेल्या तुकड्यावर आधी ट्राय कराच. टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून वापरायचा) असेल तर साधा कापडी मास्क चालत नाही.