नागपूरची उन्हाळी दुपार आणि घरातल्या दोन मुली

एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस लागेपर्यंत नागपुरात सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेपाच या वेळेत लहान मुलांना घराबाहेर काढता येत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होऊन रात्रीही भिंती तापलेल्याच राहतात. त्यातच ऊन लक्षात घेऊन विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरत आल्यावर उघडतात. म्हणजे सात वर्षांची थोरली आणि साडेतीन-चार वर्षांची धाकटी अशा दोन मुली जवळजवळ दोन महिने रोज सहा-साडेसहा तास एका कूलरच्या खोलीत एकत्र असतात. या तासांत मुलींना सतत गुंतवून ठेवण्याचा खटाटोप करू नये, तो आठवडाभरही टिकत नाही. सकाळ पुरेशी दमवणारी ठेवावी आणि दुपारचे धाकटीच्या झोपेच्या आधारे दोन भाग करावेत. बाकीचे बरेचसे आपोआप बसते.

सकाळ साडेपाचला सुरू करावी. सुट्टीत एवढ्या लवकर उठवायचे म्हणून घरातील आजी-आजोबा कुरकुरतील, पण सात वाजता उठलेली मुलगी दुपारी झोपत नाही आणि न झोपलेली धाकटी चार वाजता सगळे घर डोक्यावर घेते. सहा ते आठ हा वेळ अंगणात, गच्चीवर किंवा जवळच्या बागेत घालवावा. सायकल, लंगडी, झाडांना पाणी घालणे, काहीही चालेल, फक्त ते पायांना दमवणारे असावे. आठनंतर सावलीत यावे.

याच वेळेत वाळवणे निघतात आणि दोन मुलींसाठी त्याहून चांगले काम मला सुचत नाही. साबुदाण्याच्या पळीपापड्यांनी सुरुवात करावी. रात्री भिजवलेला साबुदाणा सकाळी पाण्यात मीठ आणि जिरे घालून काचेसारखा पारदर्शक होईपर्यंत शिजवावा व कोमट झाल्यावरच पातेले गच्चीवर न्यावे. पळीने पापडी घालून ती पळीच्याच पाठीने गोल फिरवण्याचे काम थोरलीचे. प्लास्टिकच्या कागदाची कोपऱ्यांवरची वजने सांभाळण्याचे आणि संध्याकाळी अर्धवट वाळलेली पापडी कडेने सोडवून उलटण्याचे काम धाकटीचे. कागदापासून सुटताना पापडीचा जो बारीक चर्र आवाज होतो, त्यासाठी धाकटी दुसऱ्या दिवशी स्वतःहून हजर होते. काही पापड्या फाटतील. त्या तळल्यावर तितक्याच फुलतात. कुरडयांचा चीक शिजत असताना मात्र दोघींनाही स्वयंपाकघरात येऊ देऊ नये, कारण घट्ट होत आलेला चीक उडतो आणि वाईट भाजतो. त्यांचा वाटा म्हणजे वाटीत दूध-साखर घालून दिलेला गरम चीक, तोही बाहेर बसून.

कामे वाटताना एक पथ्य पाळावे. थोरलीला धाकटीवर लक्ष ठेवण्याचे काम देऊ नये. ‘तू मोठी आहेस ना’ हे वाक्य आपल्या घरांत इतके सहज निघते, की त्याचा भार कोणाच्या ध्यानात येत नाही. पण धाकटी पडली, सांडले, रडली, की बोलणी थोरलीला बसतात आणि मग तिला बहीण म्हणजे एक कटकट वाटू लागते. घरात मुलगा थोरला असता तर त्याला हे काम सांगितले असते का, हा प्रश्न आईवडिलांनी स्वतःला जरूर विचारावा. थोरलीला तिच्या वयाचे काम द्यावे, धाकटीची राखण मोठ्यांनीच करावी.

साडेनऊपर्यंत आंघोळ आणि अकराच्या आत जेवण उरकावे. उन्हाळ्यात मुले जेवत नाहीत ही तक्रार घरोघरी असते, त्यावर मागे लागून भरवणे हा उपाय नव्हे. वरण-भात, ताक, ज्वारीची आंबील, आंब्याचा रस असे पातळ आणि ताजे अन्न थोडे थोडे द्यावे आणि सकाळचे दूध किंवा रस दुपारपर्यंत ओट्यावर राहू देऊ नये. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता पाजावे. खेळात मुलींना तहान कळत नाही. दोघींना वेगवेगळ्या रंगाचे पेले द्यावेत आणि माठ त्यांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर ठेवावा. पाणी पुरेसे जाते की नाही हे लघवीवरून कळते. ती गडद पिवळी असेल किंवा बराच वेळ झालीच नसेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. कांदा खिशात ठेवला तर ऊन लागत नाही अशी आपल्याकडे समजूत आहे. ठेवायचा तर ठेवावा, पण त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी विसरू नये.

कूलरची दक्षता मुलींच्या दृष्टीने आधी विजेची आणि मग हवेची. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नीट आहे की नाही हे हंगामाच्या सुरुवातीलाच वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावे, पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढावा आणि ओल्या हातांनी कूलरला शिवायचे नाही हे दोघींना रोज सांगावे. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, म्हणून समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावेच लागते. सगळे बंद केले की खोली दमट होते आणि मुलींच्या मानेवर, पाठीवर घामोळे येते. घामोळ्यावर पावडरीचे थर देण्यापेक्षा अंग ओल्या कपड्याने पुसून कोरडे करावे आणि सैल सुती झबले घालावे. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवावी, कारण डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात.

साडेबारा-एकच्या सुमारास धाकटी झोपते. तिच्या झोपेचे ते दीड-दोन तास थोरलीचे असतात आणि माझ्या मते हाच सगळ्या दिवसाचा कणा आहे. घरातले राहिलेले काम या वेळेत उरकण्याचा मोह प्रत्येकाला होतो. निदान त्यातला अर्धा तास बाजूला काढून आई किंवा बाबांनी तिच्याजवळ फोन न घेता बसावे. पत्ते, वाचन, वेणी घालता घालता गप्पा, जे तिला हवे ते करावे. धाकटी जागी असताना बोलता येत नाहीत अशा शाळेतल्या गोष्टी याच वेळी बाहेर येतात. उरलेल्या वेळात तिने एकटीने काही करावे. कंटाळा आला म्हणाली तरी लगेच टीव्ही लावू नये. थोड्या कंटाळ्यानंतर ती स्वतःच कागद-कात्री काढते.

भांडणाची खरी वेळ साडेतीन-चारची. धाकटी झोपेतून उठून किरकिरी असते, थोरलीला तिचा वेळ संपल्याचा राग असतो आणि दोघींना भूक लागलेली असते. अशा वेळी न्यायनिवाडा करत बसण्याआधी काहीतरी खायला-प्यायला द्यावे. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, किंचित मीठ आणि जिरेपूड घालून केलेले पन्हे तयार असावे. मग ‘आई, तिले जास्त देल्लं’ हे ठरलेलेच. यावर थोरलीने दोन पेले भरायचे आणि धाकटीने आधी उचलायचे, असा नियम ठेवावा. पहिल्याच आठवड्यात थोरली पेले डोळ्यांसमोर धरून पातळी मोजू लागते आणि मोठ्यांना मध्ये पडावे लागत नाही. मात्र सगळ्याच गोष्टी समान वाटून देऊ नयेत. थोरलीचे रंग, वही आणि एक खण तिचाच असावा आणि तो उंचावर असावा. ‘दे तिला, ती लहान आहे’ असे रोज म्हटले, की धाकटीला रडण्याची किंमत कळते.

सहानंतर बाहेर पडावे. फुटाळा तलावाचा काठ आहेच. त्याखेरीज मेट्रोची फेरी हा स्वस्त आणि थंड पर्याय आहे. सीताबर्डीच्या स्थानकावर ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिका मिळतात, तिथे गाडी बदलून परत येणे एवढाच कार्यक्रम ठरवला तरी दोघी खूश असतात. फलाटावर धाकटीचा हात मोठ्यांनीच धरावा.

काही लक्षणे दिसली, की वेळ दवडू नये. उलट्या-जुलाब झाल्यास ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या संपूर्ण पाण्यात एकाच वेळी विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकल्यास क्षारांचे प्रमाण बिघडते. मुलगी सुस्त पडली, अंग तापले आणि ती असंबद्ध बोलू लागली किंवा नीट प्रतिसाद देईना, तर तो उष्माघात समजावा. तिला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून पंख्याखाली ठेवावे आणि १०८ वर फोन करून दवाखाना गाठावा. शुद्ध हरपत असताना तोंडात पाणी ओतू नये. तापाचे औषध इथे उपयोगी पडत नाही.

जूनच्या मध्यानंतर हवा दमट होऊन कूलर निरुपयोगी ठरतो, तेव्हा नुसता पंखा आणि उघड्या खिडक्या बऱ्या. शाळा उघडण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून थोरलीची रात्रीची झोप रोज पंधरा-पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. धाकटी नर्सरीत जाणार असेल, तर तिचे जेवण आणि दुपारची झोपही त्याच दिवसांत तिच्या सुटण्याच्या वेळेनुसार सरकवून ठेवावी.