ऑस्ट्रेलिया सोडलं, पण व्हिसा चालूच होता: सुपरचे पैसे परत मिळवताना

सुपर म्हणजे ऑस्ट्रेलियात नोकरी करताना मालक तुमच्या नावाने फंडात जमा करतो ती निवृत्तीची रक्कम, आणि टीएफएन म्हणजे तिथला कर क्रमांक.

मेलबर्नहून परत आले तेव्हा माझ्या सुपर खात्यात साधारण ८,००० डॉलर होते. मास्टर्स करताना केलेलं कॅफेतलं काम आणि नंतर ४८५ व्हिसावरची (शिक्षण संपल्यावर कामासाठी मिळणारा व्हिसा) आठ महिन्यांची नोकरी, यातून साठलेले. वडिलांचं ऑपरेशन ठरलं आणि आठवड्याभरात सगळं आवरून निघाले. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं, त्यामुळे या पैशांवर खूप भिस्त होती.

देश सोडला की टेम्पररी रेसिडेंटला सुपर काढता येतं, असं मी धरून चालले होते. पण देश सोडणं ही अर्धीच अट आहे. उरलेली अर्धी अशी, की तुमचा व्हिसा संपलेला किंवा रद्द झालेला हवा. देश सोडल्यावर अशी परत मिळणाऱ्या सुपरच्या रकमेला 'डास्प' म्हणतात. तिचा अर्ज एटीओच्या (ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याच्या) साइटवर ऑनलाइन भरतात आणि तिथे तुमचा व्हिसा होम अफेअर्सच्या (व्हिसा देणाऱ्या खात्याच्या) नोंदींशी ताडून पाहिला जातो. माझ्या व्हिसाचे सोळा महिने बाकी होते. अर्ज पुढे सरकेना. पासपोर्ट नंबर तपासला, टीएफएन तपासला, जन्मतारीख तपासली. दोन महिने मी चूक भलत्याच ठिकाणी शोधत होते.

त्यात एका सिनियरने सांगितलं, "सहा महिने थांब, पैसे आपोआप सुटतात." हे ऐकून कृपा करून थांबू नका. सहा महिन्यांनी फंड पैसे तुम्हाला देत नाही, एटीओकडे वळवतो, आणि मग ते एटीओकडून मागावे लागतात. शिवाय ते सहा महिने मोजायचे तर तुम्ही देश सोडलेला हवा आणि व्हिसाही संपलेला हवा. व्हिसा चालू असेल तर मोजणी सुरूच होत नाही. तोवर पैसे फंडातच राहतात आणि खात्याची फी कापली जात राहते. आधी गेलेल्यांचं मन चांगलं असतं, पण त्यांचा व्हिसा वेगळा, त्यांचं वर्ष वेगळं. नियम एटीओच्या पानावरच वाचा.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या: सोळा महिने थांबायचं, किंवा होम अफेअर्सला स्वतःहून व्हिसा रद्द करायची विनंती करायची. त्यासाठी फॉर्म ११९४ आहे. मी दुसरी वाट धरली, पण तुम्ही घाई करू नका. परत जाऊन नोकरी शोधायची थोडीही इच्छा असेल, तर काही हजार डॉलरसाठी चालू व्हिसा सोडू नका. जोडीदाराचा व्हिसा तुमच्यावर अवलंबून असेल तर तोही जाऊ शकतो. मला परत जायचं नव्हतं, तरी ती विनंती पाठवताना माझा हात थरथरला होता.

व्हिसा रद्द झाल्याची नोंद झाली आणि पुढचं खरंच सोपं गेलं. अर्ज पूर्ण असेल तर फंडाला २८ दिवसांत पैसे द्यावे लागतात. इतकी भीती बाळगायचं कारण नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

कराची तयारी मात्र मनाशी आधीच ठेवा. माझ्यासारख्यांच्या नेहमीच्या सुपरवर ३५ टक्के कापतात, म्हणजे ८,००० मधले ५,२०० हातात. ४१७ किंवा ४६२ व्हिसावर (तरुणांना फिरता फिरता काम करू देणारे 'वर्किंग हॉलिडे' व्हिसा) काम केलेल्यांचे ६५ टक्के जातात, आणि पुढे दुसऱ्या व्हिसावर नोकरी केली तरी तो दर सुटत नाही. भारतीयांना २०२४ पासून ४६२ साठी वर्षाला १,००० जागा मिळाल्या आहेत. त्यावर जाणाऱ्यांनी सुपरला बचत समजून हिशोब मांडू नये.

एजंटांबद्दल माझं मत ठाम आहे: नको. अर्ज फुकट आहे. एवढा कर गेल्यावर उरलेल्यातून आणखी टक्केवारी कुणाला का द्यायची? चालू व्हिसाची अडचण एजंटलाही चुकवता येत नाही.

आपल्याकडची एक खास अडचण नावाची. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, कॅफेच्या मालकाने ते गाळलेलं असतं. मग फंडातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही. तिथे असतानाच एका फोनवर हे दुरुस्त होतं. दोन-तीन नोकऱ्यांची वेगवेगळी खाती असतील तर तीही तेव्हाच एकत्र करा.

ऑस्ट्रेलियातून निघण्याआधी अर्ज भरायला घेता येतो, पाठवायचा मात्र देश सोडल्यावर. फंडाच्या लॉगिनला विद्यापीठाचा ईमेल आणि तिथला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर विमानतळावर जाण्याआधी दोन्ही बदला. माझं सिम बंद पडलं होतं आणि ओटीपी त्याच नंबरवर जात होता. तो नंबर बदलून घ्यायलाच मला तीन आठवडे लागले.